लढाईचा सिनेमा आणि आप्पांचा होकार

माझ्या नाकावर राग असतो, हे भेस्तानच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्या महिन्यात तर मी आप्पांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, अबोलाच धरला होता. कारणही तसंच होतं. शेजारच्या सचिन गावाहून मला बघायला पाहुणे आले होते, आमच्याच खानदेशातले. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या वडिलांनी बशीत बघत सहज विचारावं तसं विचारलं, की लग्नानंतर पोरगी शाळेतली नोकरी सोडेल, चालेल ना? आप्पा तोंडभर हसले आणि म्हणाले, “हो, हो. आपलंच घर समजा.”

ज्या नोकरीसाठी मी दोन वर्षं रात्रंदिवस राबले, ती त्यांनी चहाच्या कपाबरोबर देऊन टाकली. आई म्हणाली, “अगं, त्यांना विचार तरी.” मी म्हटलं, विचारायचं काय त्यात? सगळ्यांच्या देखत होकार दिलाय. तीन आठवडे मी त्यांच्याशी चकार शब्द बोलले नाही. आप्पांनीही काही विचारलं नाही, त्यामुळे माझा राग आणखी चढला.

शेवटी आईने शक्कल लढवली. आप्पांना लढाईचे सिनेमे फार आवडतात. रविवारी दुपारच्या खेळाची दोन तिकिटं तिने माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, “अंधारात बसा. एकमेकांची तोंडं बघायला नकोत.”

सिनेमा परदेशी होता, हिंदीत केलेला. सैनिकांनी भरलेल्या नावा किनाऱ्याला लागतात, पुढची फळी धाडकन पडते आणि समोरून गोळ्या सुरू होतात. पाण्यात पाय ठेवण्याआधीच माणसं पडत होती. आवाज इतका, की माझी खुर्ची हादरत होती. आप्पा मात्र देवळात बसल्यासारखे शांत. तीस वर्षं लूमच्या खात्यात, यंत्रमागांच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला हा आवाज काय करणार, असं मला वाटलं.

मग एका सैनिकाजवळ तोफगोळा फुटला आणि थिएटरचा आवाजच गेला. पडद्यावर माणसं ओरडत होती, धावत होती, पण ऐकू येत होती ती नुसती बारीक शीळ. मागून कुणीतरी शिट्टी मारली. “अरे, आवाज चालू कर!” मी तर उभीच राहिले, दारावरच्या माणसाला फैलावर घ्यायला. आप्पांनी मनगट धरून मला खाली बसवलं.

“आवाज गया नही, पोरी,” ते म्हणाले. हळू बोलणं त्यांना जमत नाही, दोन रांगांनी वळून पाहिलं. “मना कानमा रोज असंच ऱ्हास.” स्फोटाने त्या सैनिकाचे कान बसले होते, आणि आप्पांच्या कानात रोज असंच असतं, असं ते सांगत होते.

पडद्यावर एक अधिकारी हातवारे करत होता. “तो सांगतोय, इथं थांबलात तर मराल, पुढं सरका,” आप्पा म्हणाले. खात्यात सगळे असेच बोलतात, हातांनी आणि ओठांनी. थोड्या वेळाने आवाज परतला. पुढचा सिनेमा मला नीट दिसलाच नाही, डोळे पुसण्यात गेला. स्वयंपाकघरातून हाक मारली की हा माणूस ओ देत नाही, याला मी आयुष्यभर तोरा समजत आले होते.

पार्किंगमध्ये मी त्यांच्या समोर उभी राहिले आणि सावकाश विचारलं, “त्या दिवशी पाहुण्यांनी काय विचारलं, ते कळलं होतं का?”

“तो माणूस हसत होता,” आप्पा म्हणाले. “मला वाटलं, चहा चांगला झालाय म्हणतोय.”

मी त्यांना खरा प्रश्न सांगितला. ते स्कूटरवर टेकले आणि सगळं सांगून मोकळे झाले. बहिरा म्हटलं की शेठ कामावरून काढेल ही पहिली भीती, आणि बापाचे कान गेलेत म्हटलं की पोरीच्या स्थळांना शंका येईल ही दुसरी. म्हणून घरातही कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. मग उठून म्हणाले, “चल, सचिनला.” मी म्हटलं, फोन करू ना. “फोनवर मला काय ऐकू येणार?”

ते स्थळ पुढे फिसकटलं, हे आधीच सांगून टाकते. मला त्याचं काडीचं दुःख नाही. मी आजही त्याच शाळेत शिकवते, आणि रोज सकाळी फळ्यासमोर उभी राहिले की आप्पांचे उपकार आठवतात.

सचिनला मुलाच्या वडिलांनी या, बसा केलं. आप्पांनी सोफा नाकारला, खुर्ची ओढून अगदी त्यांच्या समोर मांडली आणि त्यांच्या ओठांकडे बघत बसले.

“मी बहिरा शे,” ते म्हणाले. “त्या दिवशी तुम्ही काय विचारलं, ते माले ऐकूच उनं नही. मनी पोर नोकरी सोडणार नही.”

दार उघडं होतं. समोरच्या घरातल्या बायका बाहेर येऊन बघू लागल्या. इतकी वर्षं जिवापाड लपवलेली गोष्ट माझ्या वडिलांनी माझ्यासाठी गल्लीभर ऐकवली होती.