नारळाआधीची होडी

नारळी पौर्णिमेच्या आधी गोमा कोळी अर्नाळ्याच्या समुद्रात बुडाला. होडीत तिघे होतो. एक अमेरिकन कॅप्टन, गोमा आणि मी. कॅप्टन वाचला. मी वाचलो. त्यापुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. चर्चमध्ये कबुलीच्या जाळीपाशी, फादरांपुढे गुडघे टेकून मी बारीकसारीक पापं सांगत आलो, आणि हे एक गिळत आलो.

दुसरं महायुद्ध संपल्यावर कॅप्टन मायदेशी गेला, निवडणुकीला उभा राहिला, निवडून आला. त्याच्या भाषणांत गोमा असायचा, हे मी इंग्रजी पेपरात वाचलं. हिंदुस्थानातला एक नावाडी बक्षिसासाठी खवळलेल्या समुद्रात उतरला. भूक माणसाला असं करायला लावते. त्या लोकांना धान्य पाठवा — असं तो सांगायचा. पुढे त्याला राजदूत नेमलं. मुंबईला आला तेव्हा त्याने मला बोलावून घेतलं, पहिल्या रांगेत बसवलं. तीच गोष्ट सांगितली आणि माझ्याकडे हात केला. मी उठून मान डोलावली. टाळ्या पडल्या.

तो खोटं बोलत होता का? नाही. बुडत्या गोमाला त्याने हात गळून जाईपर्यंत धरून ठेवलं होतं. आणि बक्षिसाचं? — ते त्याला कुणी सांगितलं होतं?

त्या पावसाळ्यात कॅप्टन लढाईतून रजेवर आला होता. त्याला बेटावरचा किल्ला पाहायचा होता. मी नवा मास्तर, माझ्या इंग्रजीचा मला कोण गर्व! गोमा किनाऱ्यावर जाळं सांधत बसला होता.

"मास्तर, अजून नारल नाय दिला. दर्या आपला नाय," तो म्हणाला. "सायबाला सांगा, पुनवेनंतर या. फुकट नेन."

हे इंग्रजीत सांगणं काय कठीण होतं? पण मला लाज वाटली. समुद्राला नारळ दिल्याशिवाय आमचे लोक होडी काढत नाहीत, हे त्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगू? मी म्हटलं, त्याला बक्षीस जास्त हवंय. कॅप्टन हसला, त्याने पाकीट काढलं. मग मी गोमाकडे वळलो —

"साहेब लढाई करून आलाय, आणि तू कोळी असून पाण्याला भितोस? बायकोचं लुगडं नेस!"

बाकीचे कोळी हसले. गोमाने पैशांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने होडी ढकलली.

पोलीस पाटलापुढे मी बक्षिसाचंच सांगितलं. हिरू, त्याची बायको, मला बाजूला घेऊन म्हणाली, "मास्तर, तुम्ही शिकलेले, खरं सांगाल. पैशे मांगलेले त्यानं?"

मी हो म्हणालो.

त्यानंतर पुनवेला ती नारळ घेऊन किनाऱ्यावर कधी गेली नाही. दूर उभी राहायची. गेल्या आठवड्यात ती वारली. मी तिला पोचवायला गेलो, आणि तिथेही गप्प राहिलो.

कॅप्टन अजून राजदूत आहे. मी शाळेत इंग्रजी शिकवतो. अर्नाळ्यात कुणी पैशासाठी रीत मोडली, की म्हणतात, "गोमा झाला."