आकड्याखालची रेघ

"तुमच्या सॉफ्टवेअरला व्हायरस लागलाय," देसले साहेब फोनवर म्हणाले. "आमच्या ड्रॉइंगमध्ये आकड्यांखाली आपोआप रेघा येतायत."

"किती आकड्यांखाली?"

"आता मोजत बसू का?"

तो व्हायरस नव्हता. त्या रेघांची कल्पना माझी होती. पण हे फोनवर सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी "येते" म्हणाले आणि रिक्षा पकडून तारापूर एमआयडीसीत निघाले.

तेव्हा आमच्या कंपनीत पाच माणसं होती. बोईसरला हार्डवेअरच्या दुकानावर एक खोली, हे आमचं हेड ऑफिस आणि ब्रँच ऑफिसही तेच. आम्ही कॅड सॉफ्टवेअर बनवायचो. कॅड म्हणजे कॉम्प्युटरवरचा ड्रॉइंग बोर्ड. केमिकल कंपन्यांना लागणाऱ्या स्टीलच्या टाक्या बनवणारे कारखाने हे आमचं गिऱ्हाईक. मी सपोर्ट इंजिनियर, म्हणजे गिऱ्हाइकाचा ओरडा ऐकून घेणारी. माझी आई बोईसरजवळच्या नवापूरला सुकी मासळी विकते. तिला मी हे सगळं एकदा समजावलं, तर ती म्हणाली, "मंजे तुजा माल हातात घेऊन बघता येत नाय? मग लोक घेतात कशाला?"

घेत नव्हतेच. त्याचं कारण आमचे मालक राऊत सर. सफाळ्याचा माणूस, उभी हयात कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून काढलेली. सॉफ्टवेअर बनवताना त्यांनी एकच नियम घातला होता. ड्रॉइंगमधला आकडा कोणी हाताने टाइप करायचा नाही. सॉफ्टवेअर रेषा मोजेल आणि आकडा स्वतः लिहील.

ऐकायला छान वाटतं. पण डेमोला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "आकडा हाताने बदलता येतो का?" आम्ही नाही म्हणायचो. मग ते म्हणायचे, "चहा घेऊन जा."

यात त्यांचीही चूक नव्हती. समजा टाकीला पाइप जोडायचं तोंड, म्हणजे नोझल, साडेचारशे मिलिमीटर उंचीवर काढलंय. गिऱ्हाईक म्हणतं, चारशे ऐंशीवर घ्या. नीट करायचं तर नोझल सरकवा, त्याच्याशी जोडलेलं सगळं सरकवा, तासभर जातो. त्यापेक्षा ४५० खोडून ४८० टाइप केलं की पाच सेकंदांत काम. फिटर आकडा वाचतो, रेषा मोजत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. मग कटिंगची कॉम्प्युटरवाली मशीनं आली. त्यांना थेट ड्रॉइंगची फाइल देतात. लग्नपत्रिकेवर तारीख पेनाने बदलावी आणि हॉल जुन्याच तारखेला बुक असावा, तसा प्रकार.

देसले साहेब अशाच एका कारखान्यात डिझाइन हेड होते. महिनाभर आमचं सॉफ्टवेअर वापरून ते म्हणाले, "नऊ लायसन्स घेतो. पण आकडा टाइप करता आला पाहिजे."

एकदम नऊ लायसन्स आम्ही कधी विकली नव्हती. सरांनी आम्हाला आधीच सांगून टाकलं होतं की दिवाळीपर्यंत काही जमलं नाही तर दुसरीकडे बघा. तरी ते दोन दिवस अडून बसले. तिसऱ्या दिवशी मला आयटीआयचे आमचे ड्रॉइंगचे मास्तर आठवले. बोर्डावर काम करताना आकडा बदलला आणि रेषा तशीच ठेवली, तर आकड्याखाली रेघ मारायची, हा जुना नियम ते आमच्याकडून घोकून घ्यायचे. रेघ म्हणजे इथे रेषेवर विश्वास ठेवू नका. मी सरांना म्हटलं, टाइप करू द्या, पण रेघ सॉफ्टवेअरने मारायची. सर "कर" म्हणाले.

नवीन व्हर्जन गेलं. देसले साहेबांनी त्यात त्यांची जुनी ड्रॉइंग उघडली. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधली, वर्षानुवर्षं टाइप केलेली. आमचं सॉफ्टवेअर इमानेइतबारे प्रत्येक टाइप केलेल्या आकड्याखाली रेघ मारत सुटलं.

मी पोचले तेव्हा साहेबांनी एका टाकीचं ड्रॉइंग टेबलावर पसरलं होतं.

"हे काय आहे? बाईंनी निबंध तपासल्यासारखं दिसतंय. हे मी गिऱ्हाइकाला देऊ?"

मी रेघेचा अर्थ सांगितला. त्याने ते आणखी चिडले.

"म्हणजे आमचं ड्रॉइंग खोटं आहे, असं तुमचं सॉफ्टवेअर जगाला सांगणार? रेघा काढा. आत्ता. नाहीतर लायसन्स विसरा."

मी बाहेर येऊन सरांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "काढून टाक गं. पाच घरं आहेत आपल्यामागे." आवाज एवढा थकलेला होता की मला रडू आलं. रागही आला, कोणावर ते कळेना.

दहा मिनिटांचं काम होतं. मी कॉम्प्युटरसमोर बसले, सेटिंग उघडलं, आणि तेवढ्यात दारात काशिनाथदादा आले. मासवणचे. शॉपमध्ये, म्हणजे खाली कारखान्यात, प्लेटवर मार्किंग करून ती कटिंगला लावायचं काम त्यांचं. हातात त्याच ड्रॉइंगचा प्रिंट.

"सायेब, ही रेघ कसली?"

"काही नाही. कॉम्प्युटरमध्ये गडबड आहे. तुम्ही काम करा."

"गडबड असती तर समद्या आकड्यांना असती. या नोझलला रेघ हाय, बाजूच्याला नाय. मनून कापायच्या आदी इचारायला आलो."

मी सेटिंग तसंच सोडून त्या नोझलवर क्लिक केलं. आकडा ४८०, रेषा ४५०. साहेबांनी वाकून बघितलं. ते सरळ जिना उतरले. आम्ही मागोमाग.

मशीनवर स्टेनलेस स्टीलची जाड प्लेट चढवलेली होती. फाइल लोड झाली होती. चुकीच्या जागी पडलेलं भोक ठिगळ लावून बुजवता येतं, पण ठिगळाची टाकी कोणी घेत नाही. साहेबांनी ऑपरेटरला विचारलं, "ड्रॉइंग में चार सौ अस्सी लिखा है. छेद कितने पे आएगा?"

"साढ़े चार सौ पे, सर. मशीन लाइन पे चलता है. नंबर थोड़ी पढ़ता है."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. काशिनाथदादा माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, ही रेघ ऱ्हाऊ द्या. आमाला कोण कायपण सांगत नाय. ही तरी सांगते."

वर आल्यावर साहेबांनी चहा मागवला. "रेघ शॉपच्या प्रिंटवर ठेवा, गिऱ्हाइकाच्या प्रिंटवर नको," ते म्हणाले. मी म्हटलं, "ठेवायची तर दोन्हीकडे." हे मी सरांना न विचारता म्हणाले. साहेबांनी अख्खा चहा संपवला आणि मग विचारलं, "ऑर्डर कोणाच्या नावाने काढू?"

संध्याकाळी सरांनी विचारलं, "काढलीस रेघ?"

"नाही."

"आणि लायसन्स?"

"नऊ."

सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

आता आम्ही चाळीस जण आहोत. देसले साहेबांनी ओळखीच्या कारखान्यांत आमचं नाव सांगितलं, त्यांनी पुढे सांगितलं. डेमोत मी सगळ्यात आधी रेघ दाखवते. गेल्या वर्षी पालघर-बोईसर रस्त्यावर आमचं स्वतःचं ऑफिस झालं. प्लॅन सरांनी स्वतः काढला, अर्थात आमच्याच सॉफ्टवेअरवर. मीटिंगसाठी एकसंध सागवानी टेबल बनवून घेतलं. ते आलं आणि मीटिंग रूमच्या दारातून आत जाईना. आडवं नाही, उभं नाही, तिरकंही नाही.

मी प्लॅन उघडला. दाराच्या रुंदीच्या आकड्याखाली रेघ होती. दार रेषेच्या मापाने झालं होतं, टेबल आकड्याच्या.

"ही कोणी मारली?" सरांनी विचारलं.

"सॉफ्टवेअरने, सर. आकडा कोणी टाइप केला, तेही त्यात दिसतं. बघू?"

"नको," सर म्हणाले.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. टेबल अजून पॅसेजमध्येच आहे. डबे आम्ही त्यावरच खातो. सपोर्टला नवीन कोणी रुजू झालं की मी पहिल्या दिवशी त्याच्या हातात मेजरिंग टेप देते आणि ते दार मोजायला पाठवते. प्लॅन नंतर दाखवते.