साबणांचा पंखा

आमच्या मावशीच्या घरात पंखा एकच, आणि तो साबणांच्या मालकीचा. ती घरीच साबण बनवते. दमट उकाड्यात त्यांना घाम फुटतो, म्हणून जाळीवर सुटे मांडून, उलटसुलट करत दिवसभर वारा देते. काका बिचारे वर्तमानपत्र हलवत बसतात.

परवा काकांनी शक्कल लढवली. साबण फ्रिजमध्ये कोंबले आणि पंख्यासमोर ताणून दिली. मावशीने साबण बाहेर काढले, तर सगळे थेंबांनी डबडबले.

मावशी कडाडली, "अहो, गार वस्तू दमट हवेत आणली की पाणी धरणारच! डोकंही फ्रिजमध्ये ठेवलं होतं का?"

काकांनी निमूटपणे साबण पुसून मांडले, पंखा तिकडे वळवला आणि जाळीशेजारीच उशी टाकून आडवे झाले.

मावशी म्हणाली, "पडलाच आहात, तर अधूनमधून कूस बदला. दोन्ही बाजू सुकल्या पाहिजेत."