रेजायनाचं जुनं नाव

हे गेले तेव्हा मुलगा कॅनडात, रेजायना नावाच्या गावी होता. मी रडले नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसला बिचारीला. धक्का कसला अन् काय! मला काही वाटतच नव्हतं. चहा पुढे आला की प्यायचा, कुणी ऊठ म्हटलं की उठायचं.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. अस्थी आमच्याकडे घरात आणत नाहीत. धाकट्या दिरांनी गाडग्याचं तोंड फडक्यानं बांधलं आणि ते अंगणातल्या लिंबाला टांगलं. दहाव्याच्या आत नदीत शिरवायचं, अशी रीत. पण मुलगा फोनवर म्हणाला, "आई, मी आल्याबिगर शिरवू नको. अग्नी नाही देता आला, एवढं तरी मले करू दे."

मी हो म्हटलं. त्याचे तिथे राहायचे कागद नव्यानं व्हायचे होते. ते हातात येण्याआधी निघाला असता तर परत शिरणं कठीण. दहावं झालं, तेरवी झाली, महिना उलटला. दीर संग्रामपूरच्या बाजारातून आले की लिंबाकडे बघून तडकायचे, "वयनी, लोकं तोंडात शेण घालून राह्यले!"

"घालू द्या," मी म्हणायची. मी ढिम्म.

रोज सकाळी दूध तापवताना त्याचा फोन यायचा. बोलायला काही उरलं नव्हतं. एकदा आपलं काहीतरी म्हणून विचारलं, "तुह्या गावाच्या नावाचा अर्थ काय रे?"

"राणी," तो म्हणाला. विषय मिळाला म्हणून त्यालाही बरं वाटलं असावं. तिथे आधी नुसतं माळरान आणि एक ओढा होता म्हणे. मोठ्या लाटसाहेबाच्या बायकोनं नाव ठेवलं. तिची आई इंग्लंडची राणी.

"अन् त्याच्या आंधी?"

"हाडांचा ढीग."

तिथले मूळचे लोक रानगव्यांची शिकार करायचे आणि हाडं ओढ्याकाठी रचून ठेवायचे. हाडं जिथे असतात तिथून कळप लांब जात नाही, फिरून येतोच, असं ते मानायचे.

"मंग आले काय कळप?"

"नाही आई. गवेच संपले. रेल्वे आली, हाडं खतासाठी भरून नेली."

फोन ठेवून मी ओसरीवर बसले. पोराचा हट्ट आहे, पोराचा हट्ट आहे, असं महिनाभर सगळ्यांना सांगत होते. साफ खोटं. गाडगं मीच धरून ठेवलं होतं. बाप झाडाला लटकतोय म्हटल्यावर पोरगा येईलच, असं मनात होतं. नवऱ्याची हाडं मी पोराला ओढून आणायला टांगली होती. काय बाई मी तरी! स्वतःची अशी चीड आली की उठून दिरांना म्हटलं, गाडी काढा.

नदीला घोटाभर पाणी. राख पटकन गेली, हाडं तळाशी दिसत राहिली. पायानं लोटायचं जिवावर आलं. खाली बसून हातानं पुढे सारली.

दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं, "शिरवलं रे काल. आता घाई नको करू." चिडेल, रडेल, मला बोलेल, असं वाटलं होतं.

"बरं केलं आई," तो लगेच म्हणाला. मग म्हणाला, "कागद तं मागच्या हप्त्यातच आले होते."

काऊन नाही सांगितलं, हे मी विचारलं नाही. आवाज किती मोकळा झाला होता त्याचा.