बंबकाका आणि चार माणसं

बंबकाकांना चारचौघांत हाक मारायची सोय नव्हती. २००१च्या पानगळीत आमच्या हिने किराणा दुकानात दोन रांगा पलीकडून "बंबकाका!" अशी खणखणीत हाक मारली आणि अंड्यांपाशी उभ्या असलेल्या दोन बायका ढकलगाड्या तिथेच टाकून दाराकडे निघाल्या. 'बंब' आणि 'बॉम्ब' यांतला फरक ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत त्या वर्षी अमेरिकेत कुणी नव्हतं. काका शांतपणे टोमॅटो निवडत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "सूनबाई, दुकानात नुसतं काका म्हणत जा. बंब आपला घरी."

काका मूळचे नागपूरचे. उभी हयात पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावर गावच्या फायर स्टेशनात भरती झाले. आमचं गाव हर्नडन शहराच्या पश्चिमेला, गाडीने पाऊण तासावर. इथे आग विझवायला पगारी माणसं नव्हती. स्टेशनच्या छपरावर भोंगा वाजला की प्लंबर नळ सोडून, न्हावी गिऱ्हाईक सोडून धावायचा. मराठी मंडळींना हे चमत्कारिक वाटे. "एवढा शिकलेला माणूस आणि मंगळवारी पाइप धूत बसतो!" असं कुणीतरी म्हणालंच. काकांच्या कानावर ते गेलं. "धुतो ना बाप्पा," ते म्हणाले. "न धुतलेला पाइप शिकलेल्या माणसाच्या हातातही फुटतो."

त्यांच्याकडे पंप होता. गावाबाहेर नळाचं पाणी नाही, त्यामुळे टँकरने तळ्यातून पाणी आणायचं आणि पंपाने ते पाइपात दाबायचं. काका डायलकडे क्वचित बघत. तळहात पंपाच्या अंगावर ठेवून, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा, डोळे मिटून उभे राहत. स्टेशनचा प्रमुख अर्ल नावाचा प्लंबर होता. तो मला एकदा म्हणाला, "तुझे काका पंपाशी तुमच्या भाषेत बोलतात. तो ऐकतोही." बोलत म्हणजे शिव्या देत. मी ते अर्लला सांगितलं नाही.

स्टेशनच्या भिंतीवर जुने फोटो होते. पशुखाद्याची गिरणी जळून गेली तेव्हा गावातल्या गवळ्यांनी हे दल उभारलं, सुरुवातीला घोडागाडी आणि बादल्या घेऊन. काकांनी जुनी हजेरीपुस्तकं काढून सगळी वाचली होती. एकदा मला एक पान दाखवलं. धान्याच्या कोठाराला लागलेल्या आगीला एकतीस माणसं आली होती, भर दुपारी. "एकतीस! काहून आली माहीत आहे? सगळे गावातच होते. आता दुपारी गावात कोण असतं? म्हातारे आणि कुत्रे." बाकीचे सगळे तासभर ड्राइव्ह करून ऑफिसात. गावातली घरं तिप्पट झाली होती आणि हजेरीतली नावं नऊवर आली होती.

म्हणून ते माझ्या मागे लागले. मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करत असे. "तू दुपारी असतोस. चार महिन्यांचं ट्रेनिंग. ये."

"काका, ऑफिसात नव्या सिस्टिमचं गो-लाइव्ह आहे यार... म्हणजे, काका."

"मग त्यानंतर ये."

"त्यानंतर व्हिसाचं रिन्यूअल आहे. उगाच काही लफडं नको."

"आग विझवल्याबद्दल कुणाला परत पाठवल्याचं ऐकलं नाही मी," ते म्हणाले आणि गेले. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारलं. मी पुन्हा एक खरंखुरं कारण दिलं. माझी सगळी कारणं खरी असत, हीच त्यांची वाईट गोष्ट.

२००६च्या मार्चमध्ये, एका बुधवारी दुपारी भोंगा वाजला. मी घरीच होतो, कॉन्फरन्स कॉलवर. पलीकडच्यांना आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून मी फोन म्यूट केला आणि भोंगा थांबल्यावर अनम्यूट केला.

शाळेची लायब्ररी सांभाळून निवृत्त झालेल्या एका बाईंच्या घराला आग लागली होती. बाई आत होत्या. पोचले दोघंच, अर्ल आणि काका. आत जाताना दोघांनी जायचं आणि त्यांच्यासाठी दोघांनी बाहेर सज्ज राहायचं, असा त्यांचा नियम. कुणाचा जीव अडकला असेल तर हा नियम वाकवतात. अर्लने वाकवला. काका पंपावर, तो एकटा पाइप ओढत आत गेला. पाण्याने भरलेला पाइप एकट्याने वळणावरून ओढला जात नाही. अर्ल दारापासून काही पावलांवरून परत आला, दोनदा. काका पंप सोडू शकत नव्हते, सोडला असता तर अर्लचं पाणी गेलं असतं. शेजारच्या गावची गाडी यायला बावीस मिनिटं लागली. तोवर बाई गेल्या होत्या.

पुढचं काम आपल्या मराठी मंडळाने केलं. बाईंचं नाव पेपरातल्या बातमीत शेवटी होतं; काकांचा बंबाशेजारचा फोटो वर होता. मंडळींनी बहुधा फोटोच वाचला. गणपतीत सत्कार ठरला. शाळेच्या जिममध्ये 'महाराष्ट्राचा अग्निपुत्र' असा फलक लागला. अध्यक्षांनी बारा मिनिटं शौर्यावर भाषण केलं, त्यातली सात स्वतःच्या शौर्यावर. छातीवर 'स्वयंसेवक' असे बिल्ले लावलेले चाळीसेक जण भिंतीशी उभे होते. मीही होतो. माझ्याकडे पार्किंग होतं.

काकांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि माइकपाशी आले.

"त्या दिवशी आम्ही दोघं होतो," ते म्हणाले. "चार लागतात. आपल्यात म्हणतात, शेवटी खांदा द्यायला चार माणसं मिळावीत. तेव्हा मिळतात. त्या बाईंनाही मिळाली. त्याआधी नाही मिळाली."

ते खाली बसले. जिम टाळ्यांनी दणाणली. विनय आवडतो आपल्याला. दुसऱ्या दिवशी काकांकडे कुणाचाही फोन आला नाही. माझाही नाही.

२००८च्या उन्हाळ्यात काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाने, स्टेशन बंद केलं. काकांच्या मुलाने त्यांना आपल्याकडे फ्रिस्कोला राहायला यायला सांगितलं आणि त्यांनी वाद घातला नाही, ही गोष्ट मला बरी वाटली नाही. त्यांच्या बॅगा टॅक्सीत ठेवायला मी गेलो होतो. दोन वर्षं जे जिभेवर येऊन परत जात होतं, ते तेव्हा एकदाचं बोललो.

"काका, त्या बुधवारी मी घरीच होतो."

त्यांनी सीटचा पट्टा ओढला, खटकन लावला.

"माहीत आहे रे," ते म्हणाले. "तुझ्या दारावरूनच गेलो आम्ही. तुझी गाडी दिसली होती. अर्लला म्हटलं, थोडा हॉर्न वाजव."