पोपटाचं खोकं

टेम्पो माझा, माल रुक्मिणबाईचा. नांदेडात तिचं रद्दीचं दुकान. टेम्पो भरला की आम्ही दोघं लातूरकडच्या कागद कारखान्यावर रिकामा करून यायचो.

बाईची एक खोड आहे. कागदाला पाय लागला की वाकायचं, हात लावून कपाळाला न्यायचा. कागद म्हणजे सरस्वती. आता रद्दीच्या दुकानात पाय पडणार कशावर? बाई दिवसभर नमस्कारच घालते. मी चिडवायचो, "मावशी, सरस्वती पावंल तवा पावंल, कंबर आधी जाईल."

मधली काही वर्षं धंदा नुसता उसळला होता. कारखाना म्हणायचा, आणा, अजून आणा. बाईला ती माहूरच्या रेणुकामायची कृपा वाटे. मीही तिच्यासोबत गडावर जाऊन नारळ फोडून आलो.

परवा मात्र फाटकातच टेम्पो अडवला. खरेदी बघणारे मलप्पा साहेब बाहेर आले.

"मावशी, गावातली रद्दी आता बंद. बाहेरची येतेय. अमेरिकेची."

"रद्दी बी बाहेरून येती?" बाईचं तोंड उघडंच राहिलं.

साहेबांनी समजावलं. आधी अमेरिकेची रद्दी चीनला जायची. चीननं ती घेणं बंद केलं आणि आपल्याकडून खाकी कागदाची रिळं उचलायला लागला. म्हणून तेव्हा कारखान्याला मिळेल ती रद्दी हवी होती. आता चीननं कागदाची दुसरीकडे सोय लावली. इथला खप बसला, आणि अमेरिकेची रद्दी मात्र इकडेच यायला लागली.

"म्हणजे ती बरकत चीनची व्हती?" बाई पुटपुटली. माझा नारळ आठवून मलाच कसंतरी झालं.

साहेबांनी आवारात नेऊन ढीग दाखवला. घराएवढी गंजी, आणि माणसं बूट घालून तिच्यावर खुशाल चालत होती. बाई पुढे झाली, तिचा पाय एका खोक्यावर पडला. सवयीनं वाकली ती वाकलेलीच राहिली. मला वाटलं, धरली कंबर.

"अरे व्यंकट, ह्यो तर आपला पोपट हाय!"

खोक्यावर लाल पोपट होता. भोकर रोडच्या हळद कारखान्याचा छाप! त्यांची फाटकी खोकी बाईच तर उचलायची. खाली इंग्रजीत नांदेड लिहिलेलं मी स्वतः वाचलं. आमचं खोकं हळद घेऊन अमेरिकेला गेलं, तिथे रिकामं झालं आणि समुद्रावरून परत आलं.

"सायेब, असलीच खोकी माझ्या गाडीत हायती. ही चालती, ती न्हाई?"

साहेबांनी खोकं उलटंपालटं करून पाहिलं. तेही चकित झाले होते. "ढिगात एखादं निघतं, मावशी. बाकीचा माल मजबूत असतो. आणि वरचा हुकूम आहे. मी नोकर माणूस."

माझं डोकं सणकलं होतं, पण भांडणार कुणाशी? भरलेला टेम्पो तसाच नांदेडकडे वळवला.

दुकानापुढे साखराबाई बसलेली होती. ती बाजारातून पुठ्ठे वेचून आणते, त्यावरच तिची चूल पेटते. गठ्ठा समोर ठेवलेला.

रुक्मिणबाईनं मान खाली घातली. "साखरा, उद्यापासून आणू नको गं. आता अमेरिकेचा पुठ्ठा येऊन राहिला."

साखराबाई आधी हसली. थट्टाच वाटली तिला. मग तिनं भरलेल्या टेम्पोकडे पाहिलं.

"अक्का," ती म्हणाली, "त्यान्ला तिथं येचणारं कुणी न्हाई का?"