देवघरातली गोळी

आमच्या सासूबाई, प्रमिलाबाई, केळझरात मडक्यावरच्या लांब रोट्यांसाठी नावाजलेल्या. कुणाकडे लग्न निघालं की आचाऱ्याच्याही आधी त्या ठरायच्या. पातळ कणीक हातावर नाचवत कोपरापर्यंत लांबवायची आणि उलट्या मडक्यावर अलगद सोडायची. मी सून होऊन आले तेव्हापासून शिकतेय, माझी अजून फाटतेच.

यंदा संक्रांतीनंतर त्यांची बोटं सकाळी मिटेनाशी झाली. मग गुडघे धरले, बारीक ताप राहू लागला. एका लग्नात रोटी हातातून निसटली ती थेट चुलीत.

"छाया, माहे हात गेले वं," घरी येऊन एवढंच म्हणाल्या.

कुणी म्हणे वात, कुणी चुलीची धग, कुणी नजर. आम्ही तिन्हींचे उपाय केले. शेवटी वर्ध्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लूपससारखं दिसतंय. तुमचं शरीर स्वतःशीच भांडतंय."

"मी त शेजारणीसंगही भांडत नाई," सासूबाई म्हणाल्या. हे धादांत खोटं होतं.

"कोणतं औषध सुरू आहे?"

"कोणतंच नाई."

दर खेपेला हाच प्रश्न, हेच उत्तर. या वयात हा आजार नव्यानं सहसा येत नाही म्हणून डॉक्टरीणबाईही चक्रावलेल्या.

एकदा नंबर लागायला फार उशीर झाला. आत डॉक्टरीणबाईंसमोर बसल्या बसल्या सासूबाईंनी पदराची गाठ सोडली, एक गोळी कपाळाला लावली आणि बाटलीतल्या तीर्थासोबत गिळली.

"हे काय घेतलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हे औषध नाई, बाई. बीपीची गोळी होय."

मागे एकदा बीपी वाढून त्या चक्कर येऊन पडल्या होत्या, तेव्हापासून ती गोळी आमच्या देवघरात गणपतीच्या पायाशी असते. औषध म्हणजे दुखणं गेलं की बंद होतं ते. ही तर रोजची, दिव्यासारखी. मलाही ती कधी औषध वाटली नव्हती. माझाच मला राग आला.

डॉक्टरीणबाईंनी गोळीचं नाव पाहिलं. काही जणांना हिच्यामुळेच असं होतं, म्हणाल्या. ती बंद करून दुसरी दिली.

बसमध्ये सासूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. "जिनं मले उठोलं, तिनंच पाडलं? मंग मी हात कोणाले जोडू?"

घरी आल्यावर मी नवीन गोळ्यांचं पाकीट स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीपाशी ठेवलं.

उन्हाळा सरता सरता बोटं सुटली. परवा त्यांनी अंगणात मडकं मांडलं. पहिली रोटी कोपरापर्यंत गेली, फाटली नाही. मला रडू आलं.

पहिली रोटी देवाची. ताट घेऊन त्या देवघरापाशी गेल्या आणि थबकल्या. जुन्या गोळ्यांचं पाकीट अजून तिथंच होतं.

"तू काढ ते. माह्या हातानं नाई होत."

मी काढलं. त्या जागी नवीन गोळीचं पाकीट आणून ठेवू लागले, तर त्यांनी माझा हात धरला.

"नोको. तिले मिठाच्या बरणीपाशीच राहू दे."